कोटातले मुन्शीजी, बंडीतले मुन्शीजी

त्यांना कोटात पाहिलं की मी नमस्कार करायचो आणि बंडीत पाहिलं की रामराम घालायचो. माणूस एकच. पण कोटातल्या माणसाला रामराम घातला तर तो कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "हे कार्यालय आहे, छोटे बाबू." आणि बंडीतल्या माणसाला चुकून नमस्कार केला, तर आपल्या पाठीमागे कोण साहेब येऊन उभा राहिला म्हणून तो मागे वळून बघायचा. हे अंगवळणी पडायला मला बरेच दिवस लागले. पुढे ते इतकं अंगात भिनलं की रविवारी भाजीवालीपाशी ते नुसत्या सदऱ्यात भेटले की मला काय करावं ते सुचत नसे. मी आपला मेथीच्या जुड्या निरखायला लागायचो.

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. पंचायत समित्या नुकत्याच स्थापन झाल्या होत्या. आमच्या कचेरीच्या भिंतींना चुन्याचा वास येत होता आणि खुर्च्या अजून कुरकुरायला लागल्या नव्हत्या. मी धाड गावाकडचा. मॅट्रिक होऊन आवक-जावकच्या टेबलावर लागलो होतो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा आणि आतून जाणारा प्रत्येक कागद शेवटी माझ्याच हातून निघायचा. त्यामुळे मुन्शीजींचा खेळ जेवढ्या जवळून मी पाहिला तेवढा बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी पाहिला नसेल.

कचेरीसमोर रस्त्यापलीकडे एक मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली मुन्शीजींचं तखत. बुंध्याला एक छत्री कायमची बांधलेली, ऊन असो नसो. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, अंगात खादीची बंडी आणि डोक्यावर काळी टोपी. ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्याआधी म्हणे खामगावच्या एका जिनिंगमध्ये ते पत्रं लिहायला होते. तिथे कापूस विकणाऱ्याचं पत्रही तेच लिहीत आणि घेणाऱ्याचं उत्तरही तेच. "दोघायचंबी काम होऊन जाय," ते सांगत, "अन् भांडन कागदावरच राहे." पुढे मालकांनी मुंबईहून टंकलेखन यंत्र आणलं आणि मुन्शीजी आमच्या कडुनिंबाखाली आले.

अर्ज लिहायची त्यांची एक रीत होती. आलेल्या माणसाला आधी पोटभर बोलू द्यायचं. तो रडायला लागला तर त्याला थांबवायचं. म्हणायचे, "तू नको रडू बे. रडाचं काम कागदाचं हाये. त्याचे पैसे देऊन राह्यला ना तू मले?" मग डोळे मिटायचे, दोनदा मान हलवायची आणि एकटाकी लिहायला लागायचे. खाडाखोड नाही. शेवटी तो कागद त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे. आपलंच दुःख एवढ्या थाटात ऐकून तो माणूस हरखून जायचा. मी पाहिलंय, काही जण अर्ज द्यायचं विसरून तो घरच्यांना ऐकवायला घेऊन जायचे.

आता हा कडुनिंबाखालचा माणूस आमच्या कचेरीत कसा शिरला, ते सांगतो. वरून हुकूम आला की यापुढे सगळा कारभार मराठीतून चालवायचा. हुकूम चांगला होता, आम्हाला आनंदही झाला. पण लिहायचं कोणी? आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, जुन्या नागपूरच्या राजवटीत तयार झालेले. 'आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट' हे ते संध्या म्हणावी तसं म्हणायचे. त्यांनी मोठ्या कष्टाने पहिलं मराठी पत्र लिहिलं, एका ग्रामसेवकाला, गुरांच्या लशीबद्दल. तिसऱ्या दिवशी तो ग्रामसेवक सायकल दामटत स्वतः हजर झाला. घामाघूम. पत्र पुढे धरून म्हणाला, "बडे बाबू, मले काढून टाकलं का बढती देली, एवढं सांगा. घरी बायको जेवून नाई राह्यली."

आमचे साहेब, म्हणजे गटविकास अधिकारी, साताऱ्याकडचे. बोलायला लाघवी. सभेत उभे राहिले की माणसं ऐकत राहायची. पण हातात टाक घेतला की त्यांचंही गाडं 'आपणास कळविण्यात येते की' याच्यापुढे सरकत नसे. एके दुपारी ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते. समोर मुन्शीजी कोणाला तरी अर्ज वाचून दाखवत होते आणि ऐकणाऱ्यांचा घोळका झाला होता. साहेब म्हणाले, "बडे बाबू, मराठी तर समोरच बसलीय. आपण तिला आत का बोलवत नाही?"

झालं. मुन्शीजी आमचे 'मसुदा सल्लागार' झाले. असली जागा कोणत्याही मंजूर यादीत नव्हती, म्हणून त्यांचं मानधन किरकोळ खर्चातून निघायचं. माठ, झाडू, खडू आणि सल्लागार, या क्रमाने. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी फक्त खुर्ची मागितली, हातांची. आणि दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या काळातला काळा कोट घालून आले. कोपरांवर तो कोट आरशासारखा चकाकत होता.

तेव्हापासून नेम ठरला. सकाळी बंडी घालून कडुनिंबाखाली. दुपारी आमचा शिपाई दारात येऊन घंटा वाजवायचा. मग मुन्शीजी उठून फांदीवरचा कोट काढायचे, झटकायचे, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावायचे आणि रस्ता ओलांडायचे. तेवढ्या रस्त्यात त्यांची बोलीसुद्धा बदलायची. निघताना तखतावरच्या माणसाला "थांब बे, येतोच मी" म्हणणारा माणूस आमच्या दारात पोचेपर्यंत "आजचं टपाल आणलं का?" असं स्वच्छ विचारायचा. चहासुद्धा बाहेर काचेच्या गिलासात आणि आत कपबशीत. बशीत ओतून पिणं बाहेर चालायचं, आत नाही.

आणि खरी मजा इथेच होती. सकाळी बंडीतल्या मुन्शीजींनी लिहिलेला अर्ज दुपारी कोटातल्या मुन्शीजींच्या पुढे यायचा. उत्तरासाठी.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला वाटलं, आता हे हसतील, निदान डोळा तरी मारतील. अर्ज एका शेतकऱ्याचा होता. त्याची म्हैस कोंडवाड्यात घातली होती आणि दंड मागितला होता. अर्जात लिहिलं होतं, 'सदर म्हैस स्वभावाने गरीब असून ती कोणाच्याही वावरात गेलेली नाही. वावरच तिच्या वाटेत आले आहे.' मुन्शीजींनी चष्मा लावून तो कागद वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "छोटे बाबू, हा अर्ज कोणी लिहिला आहे? माणूस तयार दिसतो. याच्याशी जपून राहावं लागेल."

मी आ वासून बघत राहिलो. त्यांनी टाक उचलला आणि उत्तर लिहिलं, 'एखादे वावर चालत गेल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही.'

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चहाच्या निमित्ताने कडुनिंबाखाली गेलो. म्हशीवाला आमचं उत्तर घेऊन बसला होता. बंडीतल्या मुन्शीजींनी ते वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "वा बाप्पा! भलता हुशार मानूस ठेवला दिसते सरकारनं. पन घाबरू नको तू. याचा बाप इथं बसेल हाये."

साहेबांनी शेवटी हसत हसत दंड माफ केला आणि म्हैस सुटली. पण मुन्शीजींना ते आवडलं नाही. आत येऊन ते मला म्हणाले, "लढाई अर्धवट राहिली."

सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. तरी आत कोणी बाहेरचं काढत नसे आणि बाहेर कोणी आतलं. मी एकदा फार आगाऊपणा करून विचारलं, "मुन्शीजी, तुम्हाला दोन्हीकडून लिहिताना अडखळायला होत नाही?" ते कोटात होते. म्हणाले, "दोन्हीकडून कोण लिहितं?" आणि पुढचा कागद ओढला. त्यांच्या बायकोला, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मी हे सांगितलं तर त्या ज्वारी पाखडता पाखडता हसल्या. "घरी ना कोट चालत ना बंडी," त्या म्हणाल्या. "घरी आले का मुकाट्यानं पानी भरते." आणि खरंच, संध्याकाळी मुन्शीजी दोन बादल्या घेऊन हापशावर उभे असलेले मी पाहिले आहेत.

नकार लिहिण्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांचं म्हणणं असं, की होकार कोणीही देईल, त्याला शिक्षण लागत नाही. नकाराला घराणं लागतं. वाचणाऱ्याला नाही म्हटलं आहे हे तिसऱ्या ओळीला कळलं पाहिजे आणि राग शेवटच्या ओळीपर्यंत येता कामा नये. त्यांचे नकार खरोखर तसेच असायचे. माणसं नकार घेऊन जायची आणि वाटेत म्हणायची, "कागद मात्र चांगला लिवला." आम्ही आतली मंडळी निर्धास्त झालो. वर्षभरात बडे बाबूंनी मसुदा म्हणून एक ओळ लिहिली नाही. साहेब कागदाच्या कडेला नुसतं 'मु.' लिहायचे आणि तो मुन्शीजींकडे जायचा. हळूहळू असं झालं की साहेबांना एखाद्याला नाही म्हणायचं असलं तरी ते आधी मुन्शीजी आलेत का ते विचारायचे.

अशात सुभद्राबाई आली.

नाल्यापलीकडे एक वस्ती होती. चार-दोन घरं कुणब्यांची, बाकीची बौद्धांची. तिथे एका छपरात चौथीपर्यंतची शाळा भरायची, एक गुरुजी होते. ती शाळा बंद करून मुलं अलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत घालावीत का, हे आमच्या समितीने ठरवायचं होतं. सुभद्राबाईची मुलगी सुजाता त्या शाळेत तिसरीला होती. सुभद्राबाईचा थोरला मुलगा आधी, वस्तीवर शाळा नव्हती तेव्हा, मोठ्या गावच्या शाळेत जायचा. पावसाळ्यात नाला भरला की तो घरी बसायचा, आणि एका पावसाळ्यानंतर तो परत गेलाच नाही. गुरं वळायला लागला. मुलीचं तसं होऊ नये एवढंच तिचं म्हणणं होतं. पऱ्हाटीच्या शेतातून ती थेट कडुनिंबाखाली आली होती, लुगड्याला कापूस चिकटलेला. "जय भीम, मुन्शीजी," ती म्हणाली. "पोट्टीची शाळा बंद करून राह्यले. करू देऊ नका."

मुन्शीजींनी डोळे मिटले, दोनदा मान हलवली आणि अर्ज लिहिला. सुंदर अर्ज होता. दुपारी तो आत आला. साहेबांच्या मनात शाळा बंद करायची होती, गुरुजी दुसरीकडे हवे होते. त्यांनी कडेला 'मु.' लिहिलं. मुन्शीजींनी उत्तर लिहिलं की विद्यार्थी थोडे आहेत.

ते उत्तर सुभद्राबाई मुन्शीजींकडेच घेऊन आली, कारण तिला वाचता येत नव्हतं. मुन्शीजींनी ते वाचून दाखवलं, लिहिणाऱ्याला दोन शिव्या दिल्या आणि दुसरा अर्ज लिहिला, की विद्यार्थी थोडे आहेत कारण थोरले नाल्याने आधीच घरी बसवले आहेत. आतून उत्तर गेलं की मोठ्या गावची शाळा जेमतेम अर्ध्या कोसावर आहे. बाहेरून अर्ज आला की तो अर्धा कोस उन्हाळ्यातला आहे, पावसाळ्यात तो मोजायला कोणी जिवंत पोचलेलं नाही. आतून उत्तर गेलं की नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, बांधण्याची बाब विचाराधीन आहे.

आता कचेरीत सगळ्यांना या पत्रव्यवहाराची चटक लागली होती. बडे बाबू दुपारचं झोपणं सोडून पुढच्या कागदाची वाट बघायचे. मोताळ्याहून कामासाठी आलेला एक ओव्हरसियर तर एसटी चुकवून थांबला होता. आणि मुन्शीजी! त्यांच्या चालण्यात तरतरी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोडीस तोड माणूस भेटला होता. त्यांचं तेज बघून मलाही बरं वाटायचं. मला तो माणूस फार आवडायचा, हे सांगून टाकतो.

मग चौथा अर्ज आला. त्यात एकच वाक्य होतं. 'विचाराधीन फरशीवरून लहान मुलींना चालता येत नाही, तरी फरशी होईपर्यंत शाळा राहू द्यावी.'

साहेबांनी तो मोठ्याने वाचला आणि खुर्चीत मागे रेलून हसले. सगळी कचेरी हसली. "बहाद्दर आहे," साहेब म्हणाले आणि डोळे पुसत कडेला लिहिलं, 'मु.' मुन्शीजी कोटाची बटणं चाचपत म्हणाले, "याला थोडा विचार करावा लागेल. उद्या देतो." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी चहा आणवला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी सकाळी कडुनिंबाखाली उभा होतो. सुभद्राबाई आली. या वेळी तिच्या हातात कागद नव्हता. मुन्शीजी तिला बघून उत्साहाने म्हणाले, "ये बाई, ये. असा अर्ज लिवला म्या, का आतल्याची बोलती बंद झाली. कालपासून उत्तर सुचून नाई राह्यलं त्याले."

ती हसली नाही. तखताच्या कडेला बसली सुद्धा नाही.

"मुन्शीजी," ती म्हणाली, "तुमचे कागद लय चांगले असतीन. मले काही समजत नाई त्यातलं. पन दर खेपेले माही मजुरी बुडते, अन् उन्हाळा सरत आला. समद्या बजारले मालूम हाये, बाहेरचे बी तुमीच अन् आतले बी तुमीच. मले बी पयल्या दिवसापासून मालूम हाये. मंग तुमी तुमच्याच संगं एकडाव बसून बोलून काऊन नाई घेत?"

चहावाल्याने किटली खाली ठेवली.

"पोट्टी शाळेत जाईन का गुरामागं जाईन, तेवढं ठरवा," ती म्हणाली. "मी वाट पाह्यतो." आणि ती पलीकडे कचेरीच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली.

मुन्शीजींनी मान वर केली नाही. हातातला टाक त्यांनी पुसला आणि परत पुसला. समोर कोंबडीचा अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस होता, त्याला त्यांनी जा म्हणून खूण केली. माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की या माणसाला खरोखरच आजवर असं वाटलं नव्हतं, की दोन्ही कागदांच्या मधे कोणी उभं असतं. लबाडी त्यांच्यात नव्हती. ते नुसते रमले होते. आम्हीही सगळे रमलो होतो.

घंटा व्हायची होती. तरी ते उठले. कोट फांदीवरच राहिला. ते बंडीत रस्ता ओलांडू लागले, आणि मी मागोमाग धावलो.

दारातल्या शिपायाची पंचाईत झाली. कोटातल्या मुन्शीजींना तो उठून उभा राहायचा आणि बंडीतल्यांना 'थांबा, साहेब कामात आहेत' म्हणायचा. तो अर्धवट उठला, बसला आणि परत उठला. बडे बाबू म्हणाले, "मुन्शीजी, कोट?"

"बाहेर हाये," मुन्शीजी म्हणाले. कचेरीच्या भिंतींच्या आत त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकली.

साहेब हसतमुख होते. "या, या. झाला मसुदा?"

"नाई झाला. होनार बी नाई."

"म्हणजे काय?"

"या अर्जाले उत्तर नाई, साहेब."

"अहो, आज सुचत नसेल. उद्या लिहा, परवा लिहा."

मुन्शीजी ताठ उभे राहिले. गर्व त्यांच्या अंगात पहिल्यापासून होताच, तो त्या दिवशी दुसऱ्याच्या कामी आला. म्हणाले, "माह्याजवळ नाई म्हनजे या जिल्ह्यात कोनाजवळच नाई. तुमाले नाई म्हनाचं असन तर तुमी सोता लिवा. ते बाई भाइर बसेल हाये. मी तिले वाचून दाखवतो. पन लिवनार नाई." मग त्यांनी आपली हातांची खुर्ची उचलून भिंतीला लावली, तिच्यावरची धूळ बंडीच्या टोकाने पुसली आणि बाहेर गेले. ती खुर्ची त्यांना किती प्रिय होती हे आम्हाला ठाऊक होतं. बडे बाबू कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.

साहेबांना राग आला, आणि तो रास्तही होता. सल्लागार नेमायचा तो काय असं तोंडावर ऐकायला? त्यांनी बडे बाबूंना सांगितलं, "तुम्ही लिहा." बडे बाबूंनी बाह्या सरसावल्या. तासाभराने मसुदा पुढे आला. साहेबांनी तो वाचला, उलटून पाहिला, परत वाचला. "बडे बाबू, यात शाळा राहते की जाते?"

बडे बाबूंनी मान खाली घातली. "तसं पाह्यलं तर साहेब, दोन्ही होते."

मग साहेबांनी स्वतः टाक घेतला. 'आपणास कळविण्यात येते की' असं लिहिलं आणि थांबले. खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून भिंतीच्या सावलीत बसलेली सुभद्राबाई दिसत होती. वर्षभरात साहेबांनी एकाही माणसाला स्वतः नाही म्हटलं नव्हतं, ते काम आम्ही बाहेर देऊन टाकलं होतं. आता ते परत घ्यायचं तर हात वळत नव्हता. त्यांनी मला हाक मारून त्या बाईचे सगळे अर्ज मागवले आणि पहिल्यापासून ओळीने वाचले. या वेळी ते एकदाही हसले नाहीत. वाचून झाल्यावर मला विचारलं, "तुम्ही नाला पाहिलाय?"

मी म्हणालो, "हो साहेब. पाणी आलं की म्हशीसुद्धा काठावरून परत फिरतात."

"आणि ही बाई केव्हापासून बसलीय?"

"सकाळपासून."

साहेबांनी लिहिलेला कागद चुरगाळून टोपलीत टाकला. चौथा अर्ज पुढे ओढला, त्याच्यावर एक शब्द लिहिला आणि सही केली. 'मंजूर.' शाई वाळेपर्यंत ते त्या शब्दाकडे बघत राहिले. मग जरा ओशाळून, पण मोकळेपणाने म्हणाले, "घ्या. याला सल्लागार लागला नाही."

यानंतर मुन्शीजी सल्लागार म्हणून आत कधी आले नाहीत. साहेबांनी दोनदा निरोप धाडला, ते गोडीने नाही म्हणाले. कोटाची त्यांनी चौपदरी घडी घातली आणि येणाऱ्यांना बसायला ती तखतावर अंथरली. पण आमचं त्यांच्यावाचून चालेना, म्हणून आमचे कागदच रस्ता ओलांडून बाहेर जाऊ लागले. बडे बाबू कागदांची चळत घेऊन त्या कोटाच्या घडीवर, म्हशीवाल्यांच्या आणि कोंबडीवाल्यांच्या रांगेत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. मुन्शीजींची एकच अट होती. होकार असेल तर मसुदा लिहून मिळेल, नकार असेल तर साहेबांनी आपल्या हाताने लिहावा. त्यामुळे आमच्या समितीतून नकार जाणं फार कमी झालं. वरून एकदा विचारणाही झाली, तुमच्याकडे सगळंच कसं मंजूर होतं म्हणून. तिला उत्तर द्यायलाही बडे बाबू कडुनिंबाखालीच गेले.

पण मला राहून राहून आठवते ती त्या बाजाराच्या दिवसाची संध्याकाळ. आवक-जावकचा मी, म्हणून तो कागद सुभद्राबाईच्या हातात देण्याचा मान माझा होता. ती तो घेऊन रस्ता ओलांडून गेली, मागोमाग मीही. बाजार उरकून सुजाता तिला शोधत आली होती, हातात कांद्यांची पिशवी. मुन्शीजींनी माझा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्यांनी चष्मा लावून हात पुढे केला.

"राहू द्या," सुभद्राबाई म्हणाली. "पोट्टी वाचते."

सुजाताने पिशवी खाली ठेवली आणि कागद दोन्ही हातांनी धरला. मुन्शीजींचा स्वतःचा अर्ज तिने बोट फिरवत, अडखळत, जोडाक्षरांपाशी थांबत वाचला. विचाराधीनपाशी ती दोनदा अडली. मुन्शीजींचे ओठ हलत होते पण त्यांनी तिला शब्द सांगितला नाही. मग ती खालच्या लाल शाईपाशी आली. "मं-जू-र," ती म्हणाली. आणि आईकडे बघून परत, सलग, "मंजूर."

सुभद्राबाईने तोंडाला पदर लावला. कागदाने रडायचं असतं हे तिला त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

मुन्शीजींनी कागद हातात घेतला, उलटून बघितला, परत सुलटा केला. "एकच शब्द?" ते म्हणाले. "ना मायना, ना दाखला. असा कुठं मसुदा असते का?" आणि सवयीने त्यांचा हात टाकाकडे गेला. टाक दौतीत बुडालाही.

"आता काय लिवता, आबा?" सुजाताने विचारलं.

मुन्शीजी थांबले. टाक दौतीच्या काठाला निथळला, पुसला आणि दौतीला बूच लावलं.

"काही नाई, माय," ते म्हणाले. "याले उत्तर नाई."